पार्श्वभूमी: जिवाणूंची तांबं धरणारी प्रोटीन्स आणि मिथेनच्या एन्झाईमवरून झालेलं भांडण

जिवाणू आणि तांबं म्हटलं की आपल्याकडे विषय लगेच मोरचुदावर जातो, आणि खरं सांगायचं तर संशोधनही कित्येक वर्षं तिथेच अडकलं होतं. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधे द्राक्षाच्या डाऊनी रोगावर बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, चालतं हे कळलं, मग ते बाकीच्या पिकांवरही सुरू झालं, आणि जवळपास शंभर वर्षं फवारून झाल्यावर कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोवरचा स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू तांब्याला दाद देईनासा झाला. १९८० च्या दशकात त्याच्या प्लाझमिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या डीएनएवर, कॉप ए, बी, सी, डी असे चार जीन सापडले. त्यांची प्रोटीन्स तांबं पेशीच्या आत येऊच देत नाहीत, पेशीच्या दोन मेंब्रेनच्या, म्हणजे आवरणांच्या, मधल्या जागेत धरून ठेवतात, इतकं की जास्त तांब्याच्या प्लेटवर या जिवाणूच्या वसाहती चक्क निळ्या होतात. तिकडे ऑस्ट्रेलियात डुकरांचं वजन वाढावं म्हणून त्यांच्या खाद्यात मोरचूद घालायचे, तर त्यांच्या सांडपाण्यातून तसलेच जीन असलेला ई. कोलाय मिळाला. डाळिंबाच्या तेल्या रोगावर (तोही जिवाणूचाच) वर्षानुवर्षं तांब्याची औषधं मारणाऱ्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

अझुरिनसारखी निळी प्रोटीन्स तशी १९५० च्या दशकापासून माहीत होती, इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवणारी. पण ती बायोकेमिस्ट लोकांची, फवारणीवाल्यांची त्यांच्याशी गाठ नव्हती, आणि एकाच धातूच्या या दोन गोष्टी बराच काळ वेगवेगळ्या खोल्यांत चालू राहिल्या.

२००० नंतर ई. कोलायमधे सगळी यंत्रणा पटापट उलगडली. क्यूआर हे प्रोटीन तांबं ओळखतं, कॉपए पंप ते सायटोप्लाझममधून, म्हणजे पेशीच्या अगदी आतल्या भागातून, बाहेर ढकलतो, क्यूओ त्याचं कमी घातक रूप करतो, आणि कस नावाची चार प्रोटीन्सची साखळी ते थेट पेशीबाहेर नेऊन टाकते. (हा कॉपए आणि सिरिंजीचा कॉपए यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नाव तेवढं एक. नाव ठेवणाऱ्यांनी एकमेकांना विचारलं असतं तर बरं झालं असतं.) २००३ मधे क्यूआरची धार, म्हणजे किती कमी तांब्याला ते जागं होतं, मोजली तेव्हा आकडा इतका बारीक निघाला की त्याचा अर्थ, पेशीत मोकळा तांब्याचा एक आयनसुद्धा असू नये. २००९ मधे एक जुनी समजूत मोडली. तोपर्यंत सगळे म्हणायचे तांबं रॅडिकल तयार करून डीएनए तोडतं, पण ते मुख्यतः काही एन्झाईममधे असणाऱ्या लोह-गंधकाच्या क्लस्टरमधलं लोह हुसकावून लावतं असं दिसलं. हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण इथपर्यंत तांबं म्हणजे विष हाच सूर होता.

ज्या जिवाणूंना तांबं हवंच असतं, नाही मिळालं तर उपास पडतो, त्यांच्यावरून खरं भांडण झालं. हे मिथेन खाणारे जिवाणू, भातखाचरात भरपूर असतात, पुण्यातही भाताच्या शेतांतून ते वेगळे केलेत. यांच्याकडे मिथेन फोडायचं एन्झाईम दोन प्रकारचं असतं, लोहाचं आणि तांब्याचं, आणि काहींकडे दोन्ही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधे असं लक्षात आलं की मेथिलोकॉकस कॅप्स्युलॅटसच्या टाकीत पेशी वाढत गेल्या आणि तांबं संपलं की जिवाणू तांब्याचं एन्झाईम सोडून लोहाच्या एन्झाईमवर जातो. (हा स्ट्रेन बाथ गावच्या गरम पाण्याच्या रोमन हौदातला, म्हणून त्याच्या नावापुढे बाथ लागलं.) म्हणजे तांबं इथे नुसता कच्चा माल नाही, स्विचही आहे.

आता हे तांब्याचं एन्झाईम, पीएमएमओ, मेंब्रेनमधे रुतलेलं असतं. तीन प्रोटीन्स (पीएमओए, पीएमओबी, पीएमओसी), प्रत्येकाच्या तीन प्रती. काढायचं तर डिटर्जंट लागतो, आणि डिटर्जंट लावला की बहुतेक काम बंद पडतं. त्यामुळे यात तांबं नेमकं किती, याचं उत्तर लॅबप्रमाणे बदलायचं, एका युनिटमागे २ पासून १५ पर्यंत. पुढे तैवानला गेलेला एक गट १९९० च्या दशकापासून सांगत होता की मिथेनचा बंध तोडणारा तीन तांब्यांचा झुपका आहे. अमेरिकेतल्या एका गटाने लोहाची जोडी असल्याचं मांडलं. त्याआधी २००५ मधे दुसऱ्या एका अमेरिकन गटाने पहिलं क्रिस्टल चित्र काढलं, त्यात पीएमओबी या भागात दोन तांबी शेजारी शेजारी दिसली, आणखी एक तांबं वेगळं, आणि मेंब्रेनच्या आत एका जागी जस्त. जस्त क्रिस्टल करायच्या द्रावणातून आलं होतं, म्हणून तिकडे फारसं कुणी बघितलं नाही.

माझ्या मते सगळी गडबड इथे झाली. मेंब्रेनमधल्या त्या जागेभोवतीची अमायनो ॲसिडं या कुळातल्या जवळपास सगळ्या एन्झाईममधे जपलेली आहेत, आणि पीएमओबीतली जोडीची जागा तशी नाही. २००७ मधे ज्वालामुखीच्या आम्लधर्मी मातीतून व्हेरुकोमायक्रोबिया गटातले मिथेन खाणारे जिवाणू मिळाले, त्यांच्या पीएमओबीत जोडी धरणारी हिस्टिडीन ही अमायनो ॲसिडंच नाहीत, तरी ते मजेत मिथेन खातात. एवढं पुरायला हवं होतं. पण २०१० मधे पीएमओबीचा पाण्यात विरघळणारा तुकडा ई. कोलायमधे बनवून त्यात तांबं भरलं, त्याने थोडंसं मिथेन फोडलं, आणि दोन तांब्यांची जोडी हेच ॲक्टिव्ह सेंटर, म्हणजे मिथेन फोडणारी जागा, असं पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. त्या तुकड्याचं काम मेंब्रेनमधल्या एन्झाईमच्या मानाने अगदी किरकोळ होतं हा मुद्दा तेव्हाही काढला गेला होता, ऐकला नाही गेला. मधे २०१४ मधे असंही दिसलं की जस्त त्या मेंब्रेनमधल्या जागेत बसलं की एन्झाईम मंदावतं, म्हणजे जागा रिकामी शोभेची नव्हतीच.

२०१९ मधे मजा झाली. ज्या लॅबने जोडी काढली होती त्याच लॅबने ती मोडली. स्पेक्ट्रोस्कोपी करून त्यांनी दाखवलं की पीएमओबीत एकच तांबं आहे आणि दुसरं पीएमओसीमधे, म्हणजे पूर्वी जस्त दिसलं होतं तिकडे, आणि जोडी कुठेच नाही. त्याच्या थोडं आधी जुन्याच क्रिस्टल डेटावर गणित करणाऱ्यांनीही एका तांब्यानेच चित्र जास्त नीट बसतं असं म्हटलं होतं. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतःच मागे घेणं सोपं नाही, ते श्रेय द्यायलाच हवं, पण तोवर कित्येक जणांनी त्या जोडीची नक्कल करणारे कॅटॅलिस्ट बनवायला घेतले होते. मिथेनपासून स्वस्तात मिथेनॉल मिळावं हे इंडस्ट्रीचं जुनं स्वप्न, त्यामुळे घाई सगळ्यांनाच.

तैवानचा गट मात्र आपल्या तीन तांब्यांवर ठाम राहिला आणि २०२१ मधे क्रायो-ईएमचं, म्हणजे गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काढलेलं, चित्र घेऊन आला, त्यात तांबी बरीच जास्त. २०२२ मधे अमेरिकन गटाने एन्झाईम डिटर्जंटऐवजी जिवाणूच्याच लिपिडच्या छोट्या चकतीत बसवलं, काम परत सुरू झालं, आणि पीएमओसीचा एक तुकडा जो आधी कुठल्याच क्रिस्टलमधे दिसला नव्हता तो जागेवर दिसला, त्यात एक नवीन तांब्याची जागा. डिटर्जंटमधे हा तुकडा विस्कटत होता, काम बंद का पडायचं त्याचं कारण बहुधा हेच. सध्या वजन पीएमओसीच्या बाजूला आहे, तरी ऑक्सिजन नक्की कुठल्या तांब्यावर येऊन बसतो ते थेट कुणी पकडलेलं नाही.

या वादाच्या सावलीत दोन गोष्टी तशा कमी बोलल्या गेल्या. एक मिथॅनोबॅक्टिन, २००४ मधे त्याची रचना कळली, हे प्रोटीन नाही, छोटासा पेप्टाईड, जिवाणू तो बाहेर सोडतो आणि तांब्यासकट परत आत घेतो. पकड इतकी घट्ट की विल्सन डिसीजच्या, म्हणजे लिव्हरमधे तांबं साठणाऱ्या, उंदरांवरही तो वापरून बघितलाय. दुसरी गोष्ट २०१५ ची, मेथिलोसायनस ट्रायकोस्पोरियममधलं सीएसपी१, चार हेलिक्सची (मळसूत्री दांड्यांची) जुडी, तिच्या आतून सिस्टीन या अमायनो ॲसिडची रांग आणि एकेका प्रोटीनमधे १३ तांब्यांपर्यंत साठा. पीएमएमओसाठी कोठार, इथपर्यंत पटण्यासारखं. पण त्याच कुळातलं सीएसपी३ बॅसिलस सबटिलिसच्या सायटोप्लाझममधे निघालं, चार प्रतींचा गट मिळून सुमारे ८० तांबी धरू शकतो. बॅसिलस मिथेन खात नाही, आणि सायटोप्लाझममधे जिवाणू तांबं ठेवतच नाहीत असं तर क्यूआरच्या आकड्यावरून सगळे सांगत आले होते.