‘आलेख शून्यापासूनच हवा’ हे अर्धसत्य

उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला नाही की आलेख फसवा, असं सरसकट सांगितलं जातं. स्तंभालेखापुरतं ते अगदी खरं आहे. समजा, लासलगावला कांदा एका आठवड्यात २००० रुपये क्विंटल होता, पुढच्या आठवड्यात २२००. वाढ १० टक्के. पण अक्ष १९०० पासून काढला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. स्तंभात आपण लांबी बघतो, आणि बुंधाच छाटल्यावर लांबी खोटं बोलणारच.

रेषालेखात मात्र बघायचा असतो चढ-उतार. गंगापूर धरणाची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून मोजतात, म्हणजे ६०० मीटरच्या आसपास. इथे शून्याचा हट्ट धरला तर अक्षाची सुरुवात थेट समुद्रापाशी! पावसाळ्यात पातळी काही मीटर चढली तरी रेष सपाटच दिसेल. निफाडच्या थंडीचंही तेच. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे ‘तापमान नाही’ असं थोडंच आहे?

तेव्हा रेषालेखात अक्ष मधूनच सुरू करायला हरकत नाही. फक्त आकडे स्पष्ट लिहा आणि शाळेत शिकवतात ती नागमोडी खूण अक्षाच्या मुळाशी काढा. ती गाळणं ही खरी लबाडी.