सिलियाक असताना बाहेर जेवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या गिरणीत गहू दळला जात नाही. येथे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आणि राजगिरा यांचीच पिठे तयार होतात. त्यामुळे घरच्या स्वयंपाकाची चिंता बरीचशी मिटते, मात्र लग्नकार्यात, प्रवासात आणि हॉटेलात काय खावे, हा प्रश्न ग्राहक आम्हांला वारंवार विचारतात.

सिलियाक ही ॲलर्जी नव्हे. गहू, सातू म्हणजेच बार्ली, आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते, आणि त्रास जाणवला नाही तरी ही इजा होऊ शकते. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापायचे असेल तर पदार्थात प्रतिकिलो 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, असा आपल्याकडे नियम आहे. याउलट 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ते सुमारे 2 ग्रॅम, म्हणजे 2000 मिलिग्रॅम असते. त्यामुळे पोळी टाळणे पुरेसे नसून, पोळी लाटलेल्या हाताला चिकटलेली पिठीही मोजावी लागते. भाजल्याने वा तळल्याने ग्लुटेन नाहीसे होत नाही.

हॉटेलात ‘यात गहू आहे का?’ एवढेच विचारल्यास ‘नाही’ असे उत्तर येते आणि ते बहुधा प्रामाणिकही असते, कारण सांगणारा पदार्थाचा विचार करतो, तव्याचा नाही. ज्वारीची भाकरी घ्या. ती मोडू नये म्हणून काही खानावळींत पिठात मूठभर कणीक मिसळतात, परातीत थापताना खाली गव्हाची पिठी भुरभुरतात, आणि ज्या तव्यावर नुकतीच पोळी उतरली त्यावरच ती भाजतात. म्हणून ‘भाकरीत कणीक घालता का, खाली कोणते पीठ लावता, तवा वेगळा आहे का?’ असे तीन प्रश्न सुटे सुटे विचारावेत, आणि शक्यतो वाढप्याऐवजी आचाऱ्याला विचारावेत.

हिंगाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बाजारातील बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, आणि तोच हिंग वरणात, पिठल्यात, सांबारात पडतो. मासळी खाणाऱ्यांनी सुरमई-बांगड्याचे रवा फ्राय टाळून तांदळाच्या पिठात घोळवलेले मागावे, तेही वेगळ्या तेलात. बटाटेवड्याचे आवरण बेसनाचे असले तरी त्याच कढईत समोसे तळले जातात. पंगतीत पानाच्या कडेला येणारी कुरडई गव्हाच्या चिकाची असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. थालीपीठाच्या भाजणीतही बहुधा गहू असतोच. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. तेथे नमस्कार करून केळे घ्यावे, कोणी रागावत नाही. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून सध्या आवर्जून विकला जातो, पण तोही गहूच आहे आणि सिलियाकच्या रुग्णाला चालत नाही.

अनोळखी गावात आम्ही ग्राहकांना उपवासाचे पदार्थ सुचवतो. साबुदाणा, भगर, राजगिरा आणि शिंगाडा यांत ग्लुटेन नसते, आणि उपवासाला हिंगही बहुतेक ठिकाणी वर्ज्य असतो. काही हॉटेले उपवासासाठी कढई वेगळी ठेवतात, काही ठेवत नाहीत. तेव्हा साबुदाणा वडा मागवण्यापूर्वी तेवढे विचारावे, नाहीतर खिचडी बरी. लग्नाच्या बुफेत मात्र एकच डाव चार भांड्यांत फिरतो, म्हणून केटररशी आदल्या दिवशी बोलून आपले ताट पहिल्या पंगतीआधी वेगळे काढून घेणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग आहे.

प्रत्येक पाकिटासोबत आम्ही एक चिठ्ठी देतो. ती स्वयंपाकघरात दाखवावी. तिच्यावर असे लिहिले आहे : ‘मला सिलियाक हा आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, दलिया, सातू आणि गव्हाचे पीठ असलेला हिंग मला किंचितही चालत नाही. कृपया धुतलेला तवा, स्वच्छ भांडी आणि ताजे तेल वापरावे.’

निदान अद्याप झालेले नसल्यास मात्र गहू आपल्या मनाने बंद करू नये, कारण त्याने रक्ताची तपासणी आणि आतड्याची बायॉप्सी या दोन्हींचे निष्कर्ष चुकू शकतात. आधी डॉक्टरांकडे जावे, पिठासाठी आमच्याकडे नंतर यावे.