कुणबी नोंदी: दप्तरामागची पार्श्वभूमी

इतर मागासवर्गातल्या कुणबी जातीचा दाखला मिळावा म्हणून सप्टेंबर 2023 नंतर तहसीलच्या अभिलेख कक्षांपुढे खापरपणजोबांचे नाव शोधणाऱ्या मराठा कुटुंबांची गर्दी वाढली. जे कागद ते धुंडाळत होते, ते वंशावळीसाठी कधी लिहिलेच गेले नव्हते. कुलकर्ण्याला साऱ्याशी काम होते, पाटील-कोतवालाला जन्म-मृत्यूच्या आकड्याशी. घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणारे वेगळेच: त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्रातल्या हेळव्यांची दप्तरे. पडताळणीत आधी विचारतात ते मात्र महसुली आणि शाळेचे कागद.

त्यातला सर्वांत उपयोगी कागद गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, विदर्भात ज्याला कोतवाल बुक म्हणतात. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव बहुतेक वेळा नसतेच. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढ्यावरून पुढची पिढी जोडायची, तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली जन्मतारीख जुळवावी लागते आणि वारसाच्या फेरफारात तेच नाव येते का, हे पाहावे लागते. ही सगळी साखळी बापाकडून जाते. आईच्या माहेराचा मागमूसही तिच्यात क्वचितच लागतो.

जुन्या नोंदी मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही लिपी शाळेतून गेली आणि वाचणारे मोजकेच उरले. मराठवाड्यात आणखी एक अडचण: 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी अंमल, म्हणून कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली वर्षगणनेचे. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो. 1340 फसली म्हणजे 1930-31. हे ठाऊक नसेल, तर नोंद समोर असूनही माणूस पान उलटून पुढे जातो.

खरा गुंता एका शब्दाचा आहे. ‘कुणबी’ ही जात की कसणाऱ्याचा धंदा? लिहिणाऱ्याने तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. म्हणून एकाच बापाच्या थोरल्या मुलाच्या शाळेच्या नोंदीत ‘कुणबी’ आणि धाकट्याच्या नोंदीत ‘मराठा’ सापडते. कुठे नुसते ‘कु.’ लिहिलेले असते आणि त्या एका अक्षरावर अर्ज अडतो. 1 जून 2004 च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्गाच्या यादीत 83 व्या क्रमांकावरच्या कुणबीबरोबर ‘मराठा-कुणबी’ आणि ‘कुणबी-मराठा’ हे शब्द जोडले. जोडशब्दांनी वाद मिटला नाही. पुरावा 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा हवा, ही अट कायम राहिली. त्यामुळे ज्याच्या गावचे दप्तर वाळवीने खाल्ले, त्याची नोंदही गेली आणि दावाही. हा त्या कुटुंबावर अन्यायच आहे.

जानेवारी 2024 च्या शासनाच्या नियम-मसुद्याने ‘सगेसोयरे’ हा शब्द आणला. जातीच्या दाखल्याच्या 2012 च्या नियमांत नातेवाईक म्हणजे बापाकडचे रक्ताचे नाते. मसुद्याने सजातीय लग्नातून जुळलेली नातीही त्यात घ्यायचे म्हटले. यादीतल्या इतर जातींचा आक्षेप तिथूनच तीव्र झाला: आपला वाटा कमी होईल, नोंदींत खाडाखोड होईल.

2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय हैदराबाद गॅझेटिअरच्या, म्हणजे निजामी राज्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथाच्या, आधाराने निघाला. गॅझेटिअरमध्ये जातवार लोकसंख्येचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. त्याच्या आकड्यावरून अमुक घर त्यातलेच, हे कसे ठरवायचे? उत्तर म्हणून गावपातळीवर चौकशी ठेवली. 1967 पूर्वीपासून गावात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि कुळातल्या ज्याला आधी दाखला मिळाला आहे, त्याचे प्रतिज्ञापत्र पाहून स्थानिक कर्मचारी अहवाल देतात. म्हणजे फिरून पुन्हा भाऊबंदांपैकी कुणाच्या तरी जुन्या कागदापाशीच यावे लागते.