ग्रुप जुळला, तरी नवऱ्याची किडनी का चालत नाही?

पुण्यातल्या कुठल्याही डायलिसिस सेंटरबाहेर बसा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "ग्रुप जुळतोय, आता ऑपरेशनची तारीखच घ्यायची." एवढ्यावर तारीख मिळत नाही. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा घोर तर लोक उगाचच लावून घेतात. आरएच घटक फक्त तांबड्या पेशींवर असतो, त्यामुळे किडनीसाठी तो आड येत नाही. ए आणि बी मात्र किडनीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात. ओ गटाच्या रुग्णाच्या रक्तात या दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं लहानपणापासूनच तयार असतात. तयारी न करता ए गटाची किडनी बसवली, तर ती टेबलावरच काळीनिळी पडू शकते.

खरी मेख एचएलएची, म्हणजे शरीर ज्यावरून आपलं-परकं ओळखतं त्या पेशींवरच्या खुणांची. त्यांची सहाव्या गुणसूत्रावरची जनुकं निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून येतात. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आता गरोदरपणाचा विचार करा. पोटातल्या बाळाच्या पेशींवर वडिलांचं एचएलए असतं आणि त्यातल्या काही आईच्या रक्तात उतरतात. काही बायकांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण वीस वर्षांनी नवरा किडनी द्यायला निघतो तेव्हा तीच आडवी येतात. आपल्याकडे बहुतेकदा बायकोच नवऱ्याला किडनी देते. उलट घडायची वेळ आली की ही अडचण निघते, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

हे कळतं क्रॉसमॅच या चाचणीत. दात्याच्या पांढऱ्या पेशींवर रुग्णाचा सीरम (रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव) टाकतात, मग सशाच्या रक्तातली, प्रतिपिंडं चिकटलेल्या पेशी फोडणारी पूरक प्रथिनं आणि शेवटी रंग. प्रतिपिंडं असतील तर पेशी फुटतात, रंग आत शिरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी वेगळ्या दिसतात. हल्ली फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे लेझरच्या झोतात एकेक पेशी पाहणाऱ्या यंत्रानं, याहून बारीक तपासणी होते.

१९५४ साली बॉस्टनमध्ये पहिली किडनी टिकली, कारण दाता एकसारखा जुळा भाऊ होता. आज टॅक्रोलिमससारखी औषधं परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या टी पेशींना आवरतात, पण आधीच तयार असलेल्या प्रतिपिंडांपुढे त्यांचं फारसं चालत नाही. रक्तगट न जुळणं हा आता त्यामानानं सोपा प्रश्न आहे: प्लाझ्माफेरेसिसनं, म्हणजे रक्तातला द्रव भाग वेगळा काढून, प्रतिपिंडं उतरवून प्रत्यारोपण करता येतं. एचएलएची प्रतिपिंडं जास्त चिवट. अशा वेळी दुसऱ्या जोडप्याशी दात्यांची अदलाबदल हा मार्ग उरतो; २०११ च्या कायदादुरुस्तीनं त्याला मुभा दिली आहे.

रक्त चढवल्यानंही अशी प्रतिपिंडं तयार होतात. म्हणून डायलिसिसवर हिमोग्लोबिन उतरलं की डॉक्टर शक्यतो तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांवर भागवतात. आणि नेफ्रॉलॉजिस्टनं (किडनीच्या डॉक्टरनं) बाळंतपणांबरोबर गर्भपातांचाही हिशेब विचारला, तर सासूबाई शेजारी बसल्या आहेत म्हणून तो गाळू नका.