पिंगला उत्तर आले म्हणजे डीएनएस भरवशाचे, असे नाही

नागपुरात सीताबर्डीपासून हिंगण्यापर्यंत इंटरनेट जोडून देणाऱ्यांकडून एक समजूत वर्षानुवर्षे ऐकू येते : डीएनएस सर्व्हरने, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्राने, पिंगला (यंत्र जागे आहे का हे तपासणाऱ्या साधनाला) उत्तर दिले, की संकेतस्थळांची नावे शोधणारी व्यवस्था भरवशाची आहे. ही समजूत चुकीची आहे. पिंग आयसीएमपी या प्रकारचे तपासणी-संदेश पाठवते, तर नावाची विचारणा प्रामुख्याने यूडीपी या वेगळ्या संदेशपद्धतीच्या 53 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या सेवेसाठी ठरलेल्या दारावर, होते. त्यामुळे यंत्र जागे असूनही त्यावरील डीएनएसची सेवा बंद असू शकते, आणि पिंग अडवणारा सर्व्हर नावांची उत्तरे मात्र चोख देत असू शकतो.

खरे मोजमाप प्रत्यक्ष विचारणेनेच होते. तेथेही एकच नाव पुन्हा पुन्हा विचारले तर उत्तर कॅशमधून, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या उत्तरांतून, येते, आणि माझ्या मते सर्वाधिक फसगत येथेच होते. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तर अपयश नव्हे. ‘सर्व्हफेल’ (सर्व्हरला उत्तर शोधता आले नाही, असा संदेश) आणि मुदतीत न आलेले उत्तर ही अपयशे होत. सरासरीवरही विसंबू नये, कारण 100 पैकी 99 विचारणा 20 मिलिसेकंदांत सुटल्या आणि एक 5 सेकंद अडकली, तरी सरासरी सुमारे 70 मिलिसेकंदच भरते आणि अडकलेल्या विचारणेचा मागमूसही त्या आकड्यात दिसत नाही.