बासेलच्या दोन सीमा: एक माणसांची, एक सामानाची

शनिवारी सकाळी जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या बासेल या स्विस शहरात आठ नंबरच्या ट्राममध्ये चढलात, तर कितीतरी लोकांकडे रिकाम्या पिशव्या आणि चाकांच्या ट्रॉल्या दिसतील. ऱ्हाइन ओलांडून, बंदराचा भाग मागे टाकून ट्राम जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइन या गावात शिरते. डिसेंबर २०१४पासून ती तिथपर्यंत धावते. वाटेत बहुतेक वेळा कोणी पासपोर्ट विचारत नाही. त्यामुळेच नवखा माणूस समजतो की इथे आता सीमा उरलेलीच नाही.

खरं तर बासेलला एकाच रेषेवर दोन सीमा आहेत. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८मध्ये शेंगेन व्यवस्थेत, म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला, तेव्हा माणसांची सीमा जवळजवळ पुसली गेली. पण हा देश युरोपीय संघात नाही आणि संघाच्या सामाईक जकात व्यवस्थेतही नाही. त्यामुळे सामानाची सीमा जिथल्या तिथे आहे. आपल्याकडचा जुना जकात नाका ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे लगेच उमगेल.

माणसांच्या सीमेचं फार अवघड नाही. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असला, तरी बासेलहून वाइलला किंवा फ्रान्समधल्या सँ-लुईला जाऊन आल्याने तो संपत नाही, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलेलेच नसता. बासेलमध्ये राहण्याचा परवाना असलेल्या भारतीयालाही शेजारी फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवाच. जर्मनीने ऑक्टोबर २०२३मध्ये या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली, म्हणून ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर विसंबून राहू नका. शिवाय फिरायची मुभा म्हणजे राहायची मुभा नव्हे. भाडं कमी पडतं म्हणून स्विस परवान्यावर पलीकडे बिऱ्हाड थाटता येत नाही; त्यासाठी त्या देशाची परवानगी लागते.

खरी गंमत आणि खरा खर्च सामानाच्या सीमेवर आहे. स्वित्झर्लंडमध्ये मांस महाग, म्हणून बासेलकर ते वाइलहून आणतात. माणशी दिवसाला एक किलो मांस बिनजकात आणता येतं, चिकनही त्यातच मोजायचं. त्यापुढे दहा किलोपर्यंत किलोमागे १७ फ्रँक जकात. म्हणजे एकट्याने दोन किलो चिकन आणलं, तर दुसऱ्या किलोची जवळजवळ सगळी बचत जकातीतच जाते. एकूण खरेदीचीही मर्यादा आहे. १ जानेवारी २०२५पासून ती माणशी ३०० फ्रँकवरून १५० फ्रँकवर आली. ती ओलांडली, तर स्विस व्हॅट वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या खरेदीवर बसतो. काय आणलं ते कस्टमला कळवायला आणि कर भरायला क्विकझोल नावाचं अ‍ॅप आहे. ते आधीच फोनमध्ये घालून ठेवावं असं माझं सांगणं आहे, कारण लपवून आणलेलं सापडलं तर दंड होतो.

उलट दिशेने हीच सीमा पैसे परतही देते. ५० युरोंहून जास्त खरेदी असेल, तर दुकानातून हिरवी चिठ्ठी मागून घ्यायची आणि परतताना जर्मन कस्टमच्या खिडकीवर तिच्यावर शिक्का मारून घ्यायचा. मग जर्मन व्हॅट परत मिळतो. यात पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, घर कुठे आहे ते बघतात. बासेलमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तो परतावा मिळेल, जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये राहणाऱ्या त्याच्या भावाला मिळणार नाही, जरी दोघांचा पासपोर्ट भारतीयच असला तरी.

या दोन सीमा एकमेकींपासून किती सुट्या आहेत हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर बाडिशर बानहोफ या रेल्वे स्टेशनवर जा. १९१३ची ही कार्ल मोझरने बांधलेली इमारत स्विस जमिनीवर, बासेल शहरातच उभी आहे. पण स्टेशन जर्मन रेल्वेचं. बाडेनच्या ग्रँड डचीशी, म्हणजे तेव्हाच्या शेजारच्या जर्मन राज्याशी, १८५२मध्ये झालेल्या कराराची ही देणगी. फलाट जर्मन जकात हद्दीत मोडतात. गाडीतून उतरून जिना उतरलात की भुयारी वाटेत कस्टमची जागा लागते, ती ओलांडल्यावर तुमची बॅग स्वित्झर्लंडमध्ये येते. तुम्ही स्वतः मात्र फलाटावर पाय ठेवला तेव्हाच आलेले असता.

बासेलच्या विमानतळाची गोष्ट याच्या बरोबर उलटी. तो फ्रान्सच्या जमिनीवर आहे. १९४९च्या करारानुसार फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून तो चालवतात, आणि स्विस बाजूपासून बासेलपर्यंत कुंपणाचा वेगळा रस्ता जातो. आत बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत, एक स्विस, एक फ्रेंच. बासेलला जायचं असेल तर पाटी वाचून स्विस वाट धरा. बासेलच्या मुख्य, म्हणजे स्विस रेल्वेच्या, स्टेशनला जाणारी ५० नंबरची बस त्याच दाराबाहेर मिळते.