कोवळ्या पांढऱ्या पेशी: रिपोर्टमागचा इतिहास

भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत चिखलात राबलेल्या माणसाला ताप भरला, की डॉक्टरांना आधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका येते. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि खाली ‘शिफ्ट टू लेफ्ट’ असा शेरा. घरचे धास्तावतात. बहुतेकदा अर्थ एवढाच, की संसर्गाशी लढायला अस्थिमज्जेने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पुरत्या पिकण्याआधीच रक्तात सोडल्यात; भाताचा तरवा घाईने उपटून लावावा तसे. १९०४ मध्ये योसेफ आर्नेट यांनी केंद्रकाच्या खंडांवरून या पेशींचा तक्ता मांडला आणि कोवळ्या डावीकडे ठेवल्या, तिथून हा शेरा आला.

रक्तपेशी मज्जेत तयार होतात हे १८६८ मध्ये नॉयमन आणि बिझोझेरो यांनी दाखवलं. पुढच्या दशकात पॉल एर्लिख यांनी अ‍ॅनिलिन रंग वापरून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. आपल्याकडच्या लॅबमध्ये आजही काचेवर ओतलं जाणारं लिशमन स्टेन त्याच परंपरेतलं. त्यात मायलोब्लास्टचं, म्हणजे या पेशींच्या सगळ्यात कोवळ्या रूपाचं, केंद्रक मोठं, गोल दिसतं. त्यानंतरच्या टप्प्यात, प्रोमायलोसाइटमध्ये, जांभळे कण येतात. पुढे केंद्रक एका बाजूने खचतं, वाकतं, पट्टीसारखं होतं आणि शेवटी त्याचे खंड पडतात.

मायलोब्लास्टचं वर्णन नेगेली यांनी १९०० मध्ये केलं. पण या सगळ्या रक्तपेशींची मूळ पेशी एकच की वेगवेगळ्या? मॅक्सिमॉव्ह यांनी १९०९ मध्ये ‘एकच’ म्हटलं, एर्लिख यांच्या बाजूचे ऐकेनात. वाद पन्नास वर्षं रेंगाळला आणि माझ्या मते रेंगाळणारच होता: रंगवलेली पेशी मेलेली असते, ती पुढे काय झाली असती हे कोण सांगणार?

उत्तर उंदरांनी दिलं. १९६१ मध्ये टोरोंटोत टिल आणि मॅकुलॉक यांनी किरणांनी मज्जा मारलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. दहाएक दिवसांत प्लीहेवर गाठी उठल्या. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली, आणि तिच्यात लाल पेशीही, ग्रॅन्युलोसाइटही (न्यूट्रोफिलसारख्या कणदार पांढऱ्या पेशी)!

मेलबर्नमध्ये ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी १९६६ मध्ये एकेका पेशीपासून वाढणाऱ्या अशा गाठी, म्हणजे वसाहती, बशीतल्या अगार या जेलीसारख्या पदार्थात वाढवल्या. त्या वाढवणाऱ्या घटकांच्या शोधातून जी-सीएसएफ हे ग्रॅन्युलोसाइट वाढवणारं प्रथिन हाती आलं. १९९१ मध्ये अमेरिकेत त्याचं औषध मंजूर झालं. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की तेच इंजेक्शन त्वचेखाली देतात. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, त्यामुळे गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलातून किंवा मुंबईहून गावी परतणाऱ्या रुग्णाला बर्फाचा डबा सोबत घ्यावाच लागतो.